तापलेल्या ऑइलची जबाबदारी कोणाची? ‘एआरएआय’च्या संचालकांना खुले पत्र

मा. संचालक,
ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (एआरएआय),
वेताळ टेकडी, कोथरूड, पुणे.

महोदय,


२०१५ च्या अखेरीस फोक्सवॅगन समूहाला भारतातल्या ३ लाख २३ हजार ७०० डिझेल मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. त्यामागे आपल्या संस्थेने केलेली तपासणी होती. प्रयोगशाळेतल्या रोलरवर नियमात बसणाऱ्या त्या मोटारी आपल्या अभियंत्यांनी रस्त्यावर नेल्या, तेव्हा नायट्रोजन ऑक्साइडचे प्रमाण मर्यादेच्या पाच ते नऊ पट भरले. कंपनी जगात बलाढ्य, तिचा कारखाना इथेच चाकणला, कितीतरी पुणेकरांची घरे त्यावर चालतात. तरीही आकडे जसे आले तसे आपण सरकारपुढे ठेवलेत. इंजिनांवर पोट भरणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला त्या कामाचा आजही अभिमान वाटतो. हे पत्र त्याच विश्वासाने लिहीत आहे आणि मागणेही त्याच जातीचे आहे. ‘स्पोर्ट्स’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मोटारी रोलरवरून उतरवा, आपल्या उन्हात न्या आणि त्यांच्या इंजिन ऑइलचे तापमान मोजा.

माझे वर्कशॉप इंजिन ओव्हरहॉलिंगचे आहे. पूर्वी आमच्याकडे येणारी इंजिने म्हातारी असायची. लाखो किलोमीटर पळालेली, ऑइल पिणारी, निळा धूर सोडणारी. आता टर्बो पेट्रोलची तरुण इंजिने येतात आणि ती उघडताना वाईट वाटते. अलीकडच्या एकाचे सांगतो. गाडीचे आणि कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका कंपनीचा नाही. गाडी चाळीस हजार किलोमीटरसुद्धा चाललेली नव्हती, सर्व्हिस बुकात एकही शिक्का चुकलेला नव्हता. टॅपेट कव्हर काढले तर आत सगळीकडे तपकिरी थर, नखाने खरवडला तरी न निघणारा. ऑइल चेंबर उतरवला तर पंपाच्या जाळीवर काळा कोळसा आणि त्यात चमकणारी बारीक चांदी. ती चांदी म्हणजे बेअरिंगचा थर. बिगएंडचे, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाचे, बेअरिंग हातात घेतले तेव्हा वरचा राखाडी मुलामा जाऊन खालचे तांबे उघडे पडले होते आणि क्रँकवर बोटाला जाणवतील अशा रेघा उठल्या होत्या. असे बेअरिंग ऑइल कमी पडल्यानेही जाते; पण इथे पातळी बरोबर होती, पंप ठणठणीत होता. ऑइल होते, पण अति तापून त्याचा दम गेलेला होता.

मालकाने ती गाडी एका शनिवार-रविवारी रीतसर पैसे भरून कोइम्बतूरच्या ट्रॅकवर चालवली होती. त्यावरून वॉरंटी नाकारली गेली आणि कारण लिहिले गेले: गाडीचा गैरवापर. त्याच गाडीच्या पडद्यावर लॅप मोजण्याचे घड्याळ कंपनीनेच बसवून दिले होते. जाहिरातीत तीच गाडी वळणदार ट्रॅकवर टायर घासत धावताना दाखवली होती. ज्या वापराचे चित्र दाखवून गाडी विकली, तो वापर ग्राहकाने केला की तोच गैरवापर कसा ठरतो, याचे उत्तर त्या मालकाला कोणी दिले नाही.

आपल्याला इंजिन शिकवण्याचा माझा हेतू नाही, पण हे पत्र वाचणाऱ्या गाडीमालकांसाठी थोडे सांगावेच लागेल. पाण्याला रेडिएटर असतो, थर्मोस्टॅट असतो, पंखा असतो. ऑइलच्या वाट्याला बहुतेक गाड्यांत पाण्यावर चालणारा एक छोटा कूलर येतो आणि चेंबरला लागेल तेवढी हवा. काम मात्र त्याच्यावर सगळ्यात जड. पिस्टनच्या पोटावर फवारा मारून त्याला थंड ठेवायचे ते ऑइलने. मिनिटाला दीड लाखाहून जास्त फेरे घेणारा टर्बोचा दांडा तरंगत ठेवायचा तोही ऑइलने. नेहमीच्या चालण्यात ऑइल ९० ते ११० अंशांत राहते, तिथे ते सुखी असते. सतत पूर्ण पेडल दाबून चालवले की १२०, १३० आणि कूलर तोकडा असेल तर त्याच्याही पुढे. तापेल तसे ते पातळ होते, धातू आणि धातूमधला पडदा झिरझिरीत होतो आणि ऑइलचे आयुष्य झपाट्याने घटते. तापमान १० अंशांनी वाढले की ऑइल खराब होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, हा या धंद्यातला जुना ठोकताळा आहे.

त्यात आता ऑइलच पातळ आले आहे. इंधन वाचावे म्हणून कंपन्या ०डब्ल्यू-२० सारखे ऑइल सांगतात. एसएई या अभियंत्यांच्या संघटनेच्या मानकात १५० अंशांवर, जोराच्या घर्षणाखाली ०डब्ल्यू-२० ची जाडी किमान २.६ मिलिपास्कल-सेकंद असावी लागते. ५डब्ल्यू-४० ची ३.५. शहरात फिरणाऱ्या गाडीला पातळ ऑइल चालते, फायद्याचेही असते. पण तेच ऑइल ट्रॅकची भाषा बोलणाऱ्या गाडीत भरायचे असेल, तर त्याला थंड ठेवण्याची व्यवस्था दुप्पट चोख हवी. आणि हे सगळे घडत असताना चालकाला दिसते काय? पाण्याचा काटा. तो पुष्कळ गाड्यांत असा बांधलेला असतो की पाणी ८० अंशांवर असो की १०० वर, काटा मध्यावर स्थिर. ऑइलचे तापमान अंशांत दाखवणाऱ्या गाड्या थोड्याच.

ऑइल अति तापण्याचा हा दोष कंपन्यांना ठाऊक नसतो, असे मला वाटत नाही, आणि त्याचा पुरावा त्यांच्याच पुढच्या मॉडेलांत आहे. निसानची ३७० झेड २००९ मध्ये अमेरिकेत आली, पुढे भारतातही विकली गेली. ट्रॅकवर थोड्या फेऱ्यांतच तिचे ऑइल १३८ अंशांच्या आसपास जाई आणि इंजिन स्वतःला वाचवण्यासाठी ताकद कमी करी. २०१२ च्या मॉडेलपासून स्पोर्ट्स साज असलेल्या गाड्यांना कंपनीने ऑइल कूलर दिला. फोर्डची शेल्बी जीटी ३५० २०१६ मध्ये ट्रॅकसाठी जन्मलेली म्हणून गाजवली गेली, पण तिच्या स्वस्त प्रकारांत गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचे ऑइल थंड करणारे कूलरच नव्हते. ट्रॅकवर त्या गाड्या लिंप मोडमध्ये जाऊ लागल्या, म्हणजे पेडल दाबले तरी ओढेनाशा झाल्या. २०१७ च्या मॉडेलला कूलर सरसकट आले आणि आधीच्या ग्राहकांना त्याच वर्षी फ्लोरिडाच्या न्यायालयात जावे लागले. होंडाने सिव्हिक टाइप आरचे तापणे २०२० मध्ये समोरची जाळी १३ टक्के मोठी करून आणि रेडिएटर सुधारून कमी केले; तिथे प्रश्न ऑइलपेक्षा पाण्याचा होता, पण वळण तेच. पहिल्या ग्राहकाने पूर्ण पैसे मोजून चाचणी करून द्यायची आणि सुधारणेचा फायदा दुसऱ्याने घ्यायचा.

जबाबदारी घ्यायची म्हटली तर कशी घेता येते, तेही या धंद्याने पाहिले आहे. २०१४ च्या सुरुवातीला युरोपात पोर्शच्या दोन नव्या ९११ जीटी ३ पेटल्या. कनेक्टिंग रॉडचा स्क्रू सैल होऊन क्रँककेस फुटत होती आणि बाहेर आलेले ऑइल पेट घेत होते. कंपनीने जगभरातल्या ७८५ मालकांना गाडी चालवू नका असे कळवले आणि सर्वच्या सर्व ७८५ गाड्यांची इंजिने बदलून दिली. कोणी ट्रॅकवर नेली होती आणि कोणी फक्त कॉफी प्यायला, हा प्रश्न तिथे आला नाही. ते प्रकरण सैल स्क्रूचे होते, कूलरचे नव्हते, हे मला मान्य आहे. पण आपण बनवलेल्या इंजिनाची जोखीम आपलीच, ही भूमिका मी त्यातून घेतो आणि तीच मला इथे हवी आहे.

आता आपल्या नियमांकडे येतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये कलम ११० ए आले आणि गाड्या परत बोलावण्याचा अधिकार प्रथमच सरकारला मिळाला. त्याआधी कंपन्यांचा सगळा कारभार मर्जीचा होता. २०१० मध्ये नॅनोला आगी लागल्या, तेव्हा टाटा मोटर्सने हजारो गाड्यांना मोफत संरक्षक भाग बसवून देऊ केले, पण हा ‘रिकॉल’ नाही असे बजावूनच. नव्या कलमाने ती पळवाट बंद केली, याचे श्रेय सरकारला द्यायला हवे. एप्रिल २०२१ पासून नियमही लागू झाले. सक्तीच्या रिकॉलसाठी लागणारा तक्रारींचा आकडा विक्रीच्या प्रमाणात ठरला: वर्षाला ५०० पर्यंत खपणाऱ्या मोटारीसाठी २० टक्के किंवा १०० तक्रारी, १० हजारांच्या वर खपणाऱ्या मोटारीसाठी १,२५०. पण स्पोर्ट्स मोटारी शे-दीडशेच्या तुकड्यांत येतात आणि एक मालक पुण्यात, एक कोचीत, एक गुवाहाटीत असतो. त्यांनी एकमेकांना शोधून सरकारी पोर्टलवर एकाच दोषाची तक्रार नोंदवायची, तीही गाडी सात वर्षांची होण्याच्या आत. शिवाय कलमाला हवा असतो माणसाला किंवा पर्यावरणाला अपाय करणारा दोष. कंपनी सहज म्हणते की इंजिनाने स्वतःला सुरक्षित मोडमध्ये नेले, म्हणजे व्यवस्थेने नीट काम केले. खंबाटकी घाटाच्या चढावर ट्रकला ओलांडताना अर्ध्यात ताकद गेली, तर ती सुरक्षितता कोणाची?

याहून मोठे भगदाड २०१८ चे आहे. युरोप किंवा जपानची मान्यता असलेल्या गाड्या कंपनीला वर्षाला २,५०० पर्यंत इथल्या चाचण्यांविना आणता येतील, अशी मोकळीक त्या वर्षी दिली गेली. २०२५ मध्ये फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय आणि स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस याच दाराने आल्या आणि उत्साही ग्राहकांनी त्या हातोहात घेतल्या. त्या गाड्यांत दोष आहे, असे मी मुळीच म्हणत नाही. मी एवढेच म्हणतो की अशा गाड्यांची मान्यता ज्या युरोपीय चाचणीवर उभी असते, तिथे खोलीचे तापमान २३ अंश ठेवलेले असते. आणि ज्या गाड्या आपल्याकडे तपासल्या जातात, त्यांचीही परीक्षा या बाबतीत सोपीच आहे. धूर मोजण्याचे भारतीय चक्र सुमारे २० मिनिटांचे, कमाल वेग ताशी ९० किलोमीटर, खोली २० ते ३० अंशांत. धूर मोजायला ते पुरेसे असेल. पुण्यातली एप्रिलची दुपार चाळिशीच्या घरात असते आणि कोइम्बतूर-चेन्नईचे ट्रॅक त्याहून दयाळू नाहीत. कूलरचे काम बाहेरच्या हवेवर चालते. हवा १५-२० अंशांनी गरम असेल तर त्याची ताकद तेवढी घटणारच.

मला दोन आक्षेप नेहमी ऐकवले जातात. पहिला, रस्त्यावर वेगमर्यादा आहे, मग एवढी ताकद तपासायची कशाला? एक्स्प्रेस-वेवर ताशी १०० च्या मर्यादेत चालवणाऱ्याचे ऑइल चांगल्या गाडीत तापणार नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. रस्त्यावर शर्यत लावणाऱ्यांची बाजू मी घेत नाही. त्यांनी या शहरात जीव घेतले आहेत. उलट ज्याला वेग हवा त्याने ट्रॅकवर जावे, असेच आपण सगळे सांगतो. मग ट्रॅकवर गेलेल्याचे इंजिन बसले की त्यालाच दोषी धरायचे, हे धोरण पोरांना परत रस्त्यावर ढकलणारे आहे.

दुसरा आक्षेप, हा मूठभर श्रीमंतांचा प्रश्न आहे. तसे असते तर मी पत्र लिहिले नसते. मर्सिडीजच्या एएमजी गाड्यांची जुळणी २०२० पासून चाकणला होते. फोक्सवॅगन व्हर्टसचे टर्बो इंजिनाचे जीटी प्रकारही चाकणलाच बनतात आणि ते पगारदार तरुण कर्ज काढून घेतात. पाच-सहा वर्षांचे हप्ते चालू असताना इंजिन उघडण्याचा खर्च अंगावर आला की घरात काय होते, ते मी काउंटरच्या पलीकडून पाहिले आहे. आणि फुटलेल्या इंजिनातून तापलेल्या सायलेन्सरवर सांडणारे ऑइल मागच्या गाडीत कोण बसले आहे, ते पाहून पेटत नाही.

उष्णतेच्या प्रश्नावर नियम बदलता येतात, हे याच शहराला माहीत आहे. २६ मार्च २०२२ रोजी धानोरी-लोहगाव भागात उभ्या असलेल्या ओलाच्या इलेक्ट्रिक स्कूटरने पेट घेतला आणि ती चित्रफीत देशभर गेली. इतर शहरांतही अशा घटना घडल्या. सरकारने चौकशी लावली, कंपनीने १,४४१ स्कूटर तपासणीसाठी परत बोलावल्या, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून बॅटरीच्या सुरक्षेचे एआयएस-१५६ हे मानक कडक होऊन लागू झाले. आग लागल्यावर हे सारे महिन्यांत झाले. ऑइलचा दोष आगीइतका डोळ्यांत भरत नाही, म्हणून आगीची वाट पाहू नये.

आपल्याकडेच हे पत्र का, तर मानके ठरवणाऱ्या एआयएससी समितीचे सचिवालय आपण चालवता. १९६६ मध्ये वाहन उद्योगाने सरकारच्या सोबतीने आपली संस्था उभी केली, त्यामुळे कंपन्यांचे अभियंतेही आपले ऐकतात. शिवाय मॉडेलमध्ये महत्त्वाचा बदल झाला की त्याचे कागद चाचणी संस्थेकडे येतात. कोणत्या गाडीला यंदा मोठा कूलर लागला, हे ग्राहकाच्या आधी आपल्याला कळते.

म्हणून माझी मागणी अशी आहे. जी कंपनी आपल्या गाडीला ट्रॅक मोड, लॅप टायमर किंवा लाँच कंट्रोल देते, तिने ४० अंशांच्या हवेत ही गाडी पूर्ण ताकद किती मिनिटे टिकवते आणि तेव्हा ऑइल किती अंशांवर जाते, हा आकडा जाहीर करावा आणि तो आपण पडताळावा. आयात तुकड्यांनाही यातून सूट नको. यासाठी नव्या इमारती लागणार नाहीत. इंदूरजवळ पिथमपूरला नॅट्रॅक्स या चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा वेगवान ट्रॅक २०२१ पासून तयार आहे. एप्रिल २०२३ पासून रस्त्यावरच्या धुराची चाचणी बंधनकारक झाल्याने गाड्या उपकरणे लावून रस्त्यावर निघतातच. पुष्कळ गाड्यांच्या ओबीडी पोर्टमधून, म्हणजे तपासणीचे उपकरण जोडण्याच्या जागेतून, ऑइलचे तापमान वाचता येते, ते त्याच फेरीत नोंदवता येईल. अशा गाडीत चालकाला ऑइलचे तापमान आकड्यांत दिसलेच पाहिजे. आणि कंपनीने पुढच्या मॉडेलला कूलर दिला किंवा वाढवला, तर तोच भाग आधीच्या ग्राहकांना तिने मोफत बसवून द्यावा. ही माझी सर्वांत आग्रहाची मागणी आहे. सुधारणा केली म्हणजे उणीव कळली होती. ती कळल्यावरही जुन्या ग्राहकाला गैरवापराचे पत्र पाठवणे हा अन्याय आहे.

कायदाही ग्राहकाच्या बाजूला आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने उत्पादनाच्या रचनेतल्या दोषाची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे, आणि स्पष्ट हमी दिली असेल तर निष्काळजीपणा नव्हता असे सिद्ध करूनही उत्पादक सुटत नाही. पण ग्राहक आयोगापुढे मालकाला पुरावा लागतो. कंपनीकडे तापमानाचे ढीगभर आकडे, मालकाकडे जळलेले बेअरिंग. बिंदुमाधव जोशींनी ज्या पुण्यात १९७४ मध्ये ग्राहक पंचायत सुरू केली, त्या पुण्यातल्या चाचणी संस्थेने ही विषमता दूर करावी, अशी अपेक्षा ठेवणे अवास्तव नाही. आपल्या शिक्क्याचा एक अधिकृत आकडा असेल, तर मालकाला माझ्यासारख्या मिस्त्रीच्या तोंडी साक्षीवर अवलंबून राहावे लागणार नाही.

मानक तयार व्हायला, ते समितीतून जायला वेळ लागतो, हे मी जाणतो. मोजमापाला मात्र कोणाच्या परवानगीची गरज नाही. येत्या एप्रिलमध्ये, भर दुपारी, बाजारात ‘स्पोर्ट्स’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही गाड्या शोरूममधून सामान्य ग्राहकासारख्या घ्या, पिथमपूरला न्या, आणि जे आकडे येतील ते कंपन्यांच्या नावांसह प्रसिद्ध करा. २०१५ मध्ये आपण रस्त्यावर मोजण्याचे धाडस केले होते. पुन्हा करावे, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
इंजिनकाम करणारा एक पुणेकर